विश्लेषण : पुतळा पडला, तट टिकले, माणसे बदलत गेली… ग्रीसच्या ऱ्होड्स बंदरात नेमके पाहायचे काय?

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरील माँड्राकी बंदराच्या तोंडाशी दोन उंच खांब आहेत. एकावर हरीण, दुसऱ्यावर हरिणी. बंदरात येणारे पर्यटक या दोन खांबांच्या मधोमध मोबाइल धरून फोटो काढतात, कारण प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेला महाकाय पुतळा इथेच दोन्ही किनाऱ्यांवर पाय रोवून उभा होता आणि जहाजे त्याच्या पायांखालून जात, असे त्यांनी ऐकलेले असते. ही गोष्ट खरी नाही. पुतळा मात्र खरोखरच होता, आणि तो पडूनही आता सव्वादोन हजार वर्षे झाली आहेत.

मग लोक ऱ्होड्सला जातात कशासाठी? पुतळ्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट तिथे आजही उभी आहे. चार किलोमीटरच्या तटबंदीच्या आत नांदते शहर आहे. युनेस्कोने १९८८ मध्ये या मध्ययुगीन शहराला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. पण दगड टिकले म्हणजे शहर टिकले का, हा प्रश्न याच गल्ल्यांमध्ये पुन्हा पुन्हा समोर येतो.

ऱ्होड्स नेमके कुठे आहे?

ऱ्होड्स हे एजियन समुद्राच्या आग्नेय टोकाचे बेट. डोडेकनीज द्वीपसमूहातील सर्वात मोठे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. अथेन्सपासून ते बरेच लांब असले तरी तुर्कस्तानचा किनारा अगदी समोर, जेमतेम १८ किलोमीटरवर आहे. इजिप्त, सीरिया, सायप्रस आणि ग्रीस यांच्यामधील सागरी वाटेवरचा हा नाका. ज्याच्या हाती ऱ्होड्स, त्याच्या हाती ही वाट. त्यामुळे बेटाला श्रीमंती मिळाली आणि वेढेही सोसावे लागले.

इसवी सनपूर्व ४०८ मध्ये बेटावरील लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या तीन जुन्या नगरांनी एकत्र येऊन उत्तर टोकाला नवे शहर वसवले. रस्ते काटकोनात आखलेले होते. आज जुन्या शहरात फिरताना वाटा वेड्यावाकड्या वाटतात. मात्र काही प्रमुख रस्ते अजूनही त्या २,४०० वर्षांपूर्वीच्या आखणीवरूनच जातात.

कोलोसस कुठे होता?

इसवी सनपूर्व ३०५ मध्ये मॅसिडोनियाचा सेनानी डिमिट्रियस याने शहराला वेढा घातला. वर्षभर झुंजूनही शहर पडले नाही. तह झाल्यावर तो वेढ्याची अवजड यंत्रे तिथेच सोडून निघून गेला. ऱ्होड्सवासीयांनी ती विकली आणि त्या पैशातून सूर्यदेव हेलिओसचा ब्राँझचा पुतळा उभारला. लिंडोसचा शिल्पकार खारेस याला त्यासाठी १२ वर्षे लागली. उंची सुमारे ३३ मीटर, म्हणजे आजच्या दहा-अकरा मजली इमारतीएवढी.

इसवी सनपूर्व २२६ च्या सुमारास भूकंप झाला आणि पुतळा गुडघ्यातून मोडून पडला. इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने पुनर्बांधणीसाठी पैसे देऊ केले होते. परंतु देववाणीने मनाई केली म्हणून ऱ्होड्सने तो पुन्हा उभारला नाही, असे प्राचीन लेखक सांगतात. पडलेले अवशेष पुढे कित्येक शतके तसेच होते आणि लोक ते पाहायला येत. पर्यटन इथे नवीन नाही, ते असे.

बंदराच्या तोंडावर पाय फाकून उभा असलेला पुतळा ही नंतरच्या काळातील कल्पना आहे. साधा हिशेब केला तरी ते पटत नाही. बंदराचे तोंड इतके रुंद आहे की त्या उंचीच्या पुतळ्याचे पाय दोन्ही काठांना पोहोचणार नाहीत. शिवाय बांधकामाची १२ वर्षे बंदर बंद ठेवावे लागले असते आणि पडल्यावर अवशेष समुद्रात गेले असते. प्रत्यक्षात ते जमिनीवर पडलेले होते, अशी वर्णने आहेत. नेमकी जागा आजवर सापडलेली नाही. माँड्राकीच्या धक्क्यावरील सेंट निकोलस बुरुजाची जागा किंवा शहरातील उंचवटा, असे दोन तर्क प्रामुख्याने मांडले जातात.

या बंदराचा कायदा आजही कसा चालतो?

ऱ्होड्सच्या व्यापाऱ्यांनी जगाला दिलेली एक गोष्ट मात्र पडली नाही. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर नुकसान फक्त त्या मालाच्या मालकाने सोसायचे का? ऱ्होड्सच्या प्रथेचे उत्तर होते, नाही. ज्यांचा माल वाचला ते आणि जहाजाचा मालक, अशा सर्वांनी आपापल्या हिश्श्याने ते भरून द्यायचे. रोमन कायद्याने हे तत्त्व ऱ्होड्सच्या नावानेच स्वीकारले आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात त्याची नोंद झाली.

सागरी विम्यात आज याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकले होते. त्यावरील २५ जणांचा कर्मचारीवर्ग भारतीय होता. जहाज सुटल्यानंतर मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले आणि ज्यांचे कंटेनर सुखरूप होते त्यांच्याकडूनही हमी मागितली गेली. न्हावाशेवा बंदरातून माल पाठवणाऱ्या निर्यातदाराच्या कागदपत्रांत हे कलम दिसते, त्याचे मूळ या बेटापर्यंत जाते.

मात्र बंदराची श्रीमंती किती नाजूक असते, हेही ऱ्होड्सनेच अनुभवले. इसवी सनपूर्व १६७-१६६ च्या सुमारास रोमने डेलोस हे बेट करमुक्त बंदर केले. जहाजे तिकडे वळली. पॉलिबियस या इतिहासकाराच्या नोंदीनुसार ऱ्होड्सचे बंदराचे उत्पन्न १० लाख ड्राक्मांवरून दीड लाखावर आले. लढाई न करता शहराचे कंबरडे मोडले.

आजची तटबंदी कोणी बांधली?

पर्यटक आज जे शहर पाहतात ते प्रामुख्याने सेंट जॉनच्या नाइट्सचे. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या सेवेसाठी रुग्णालय चालवणारा हा ख्रिस्ती धर्मसंघ पुढे लढवय्या झाला. पवित्र भूमी हातची गेल्यावर त्यांनी ऱ्होड्स घेतले आणि १३०९ पासून १५२२ पर्यंत तिथे राज्य केले. त्यांच्या आठ टोकांच्या क्रॉसचे चिन्ह महाराष्ट्रातही ओळखीचे आहे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या पेटीवर आणि गणवेशावर तोच क्रॉस असतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने तो याच परंपरेतून घेतला.

नाइट्स युरोपभरातून आलेले होते. भाषेनुसार त्यांचे गट होते आणि त्यांना ‘जिभा’ असेच म्हटले जाई. प्रत्येक गटाचे स्वतंत्र निवासगृह, तटाचा स्वतंत्र भाग. ‘नाइट्सचा रस्ता’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सुमारे २०० मीटर लांबीच्या दगडी चढावर फ्रान्स, इटली, स्पेन यांची निवासगृहे आणि दारांवरील चिन्हे आजही दिसतात. पंधराव्या शतकात बांधलेले त्यांचे रुग्णालय आता पुरातत्त्व संग्रहालय आहे.

तोफा आल्यावर उंच, सडपातळ भिंती निकामी ठरल्या. १४८० मध्ये ऑटोमनांचा पहिला मोठा हल्ला परतवून लावल्यानंतर नाइट्सनी तट जाड केले, खंदक रुंद केला आणि बुरुज बुटके, बाहेर झुकलेले बांधले. तोफगोळा अंगावर झेलायचा आणि बाजूच्या भिंतीलगत आलेल्या शत्रूवर मारा करायचा, ही त्यामागची कल्पना.

१५२२ च्या उन्हाळ्यात सुलतान सुलेमान स्वतः मोठ्या फौजेसह आला. तटाखाली भुयारे खोदून त्यात दारू ठासायची, ही ऑटोमनांची मुख्य युक्ती. ती हाणून पाडण्याचे काम गॅब्रिएले तादिनी या इटालियन अभियंत्याकडे होते. त्याने जमिनीत जागोजागी ताणलेल्या चामड्याची ढोलकीसारखी साधने बसवली. खाली कुदळ पडली की चामडे थरथरे आणि त्यावरील छोट्या घंटा वाजत. कुठे खोदकाम चालू आहे हे कळले की समोरून प्रतिभुयार खणले जाई. तरीही सहा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, शहराने शरणागती पत्करली. नाइट्सना शस्त्रे आणि सामानासह जाऊ देण्यात आले. १ जानेवारी १५२३ रोजी त्यांनी बेट सोडले आणि पुढे १५३० मध्ये ते माल्टाला स्थायिक झाले.

तटाच्या आत राहण्याचा हक्क कोणाला होता?

ऱ्होड्सच्या इतिहासाचा हा भाग माहितीपत्रकांत फारसा नसतो. ऑटोमन राजवटीत ग्रीक ख्रिस्ती लोकांना तटाबाहेर वस्ती करावी लागली. दिवसा ते कामधंद्यासाठी आत येत; सूर्यास्तानंतर त्यांना दरवाजाबाहेर जावे लागे. आत मुस्लिम आणि ज्यू राहत. चर्चच्या मशिदी झाल्या. सुलतानाच्या नावाची सुलेमान मशीद जुन्या शहराच्या माथ्यावर आहे आणि तिच्यासमोर १७९३ मध्ये स्थापन झालेले हाफिज अहमद आगा ग्रंथालय आहे.

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले. त्यातील अनेक कुटुंबे पुढे ऑटोमन प्रदेशात आली आणि ऱ्होड्सच्या पूर्वेकडील मोहल्ल्यात स्थिरावली. घरात ते लादिनो, म्हणजे जुनी स्पॅनिश वळणाची भाषा बोलत. १५७७ मध्ये बांधलेले काहाल शालोम हे त्यांचे प्रार्थनास्थळ ग्रीसमधील वापरात असलेले सर्वात जुने सिनेगॉग आहे.

१९१२ मध्ये इटलीने बेट ताब्यात घेतले. त्यामुळे १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात धर्माच्या आधारे लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली, तेव्हा ऱ्होड्स त्यातून सुटले. तिथे आजही मुस्लिम वस्ती आहे, याचे कारण हेच.

जे दिसते ते सगळे मध्ययुगीन आहे का?

नाही. ग्रँड मास्टरचा राजवाडा पाहून पर्यटक थक्क होतात. पण १८५६ मध्ये जवळच्या चर्चच्या तळघरातील दारूसाठ्याचा स्फोट झाला, त्यात शेकडो माणसे गेली आणि राजवाडा उद्ध्वस्त झाला. आजची वास्तू इटालियन राजवटीने १९३७ ते १९४० दरम्यान उभारली. त्यातील कितीतरी मोझेक फरश्या शेजारच्या कोस बेटावरून आणून बसवलेल्या आहेत. मुसोलिनीच्या इटलीला इथे आपली सत्ता जुनी आणि भव्य आहे असे दाखवायचे होते. म्हणून हा राजवाडा मध्ययुगाइतकाच विसाव्या शतकातील राजकारणाचाही नमुना आहे. जुन्या वास्तूंची ‘दुरुस्ती’ करताना किती जुने ठेवायचे आणि किती नवे घडवायचे, हा वाद जगभर आहे. ऱ्होड्समध्ये त्याचे उत्तर डोळ्यांसमोर उभे आहे.

जुलै १९४४ मध्ये काय घडले?

त्याच राजवटीने १९३८ मध्ये ज्यूविरोधी कायदे लागू केले. शेकडो वर्षांच्या वस्तीतील अनेकांनी बेट सोडले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन सैन्याने बेट घेतले.

जुलै १९४४ मध्ये ज्यू पुरुषांना ओळखपत्रांसह हजर राहण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर बायकामुलांना बोलावले गेले. २३ जुलै रोजी सुमारे १,७०० जणांना बंदरापर्यंत चालवत नेऊन मालवाहू बोटींत कोंबण्यात आले. पुढे पिरेयस आणि तिथून रेल्वेने ऑशविट्झ. ते १६ ऑगस्टला तिथे पोहोचले. जर्मनीचा पराभव तेव्हा समोर दिसत होता, तरीही हा तीन आठवड्यांहून लांबचा प्रवास घडवून आणला गेला. सुमारे १५० जण वाचले.

तुर्कस्तानचे वाणिज्य दूत सेलाहातिन उलकुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा आधार घेत सुमारे ४० जणांची सुटका करून घेतली. ज्यांचे नागरिकत्व स्पष्ट नव्हते अशा जोडीदारांसाठीही त्यांनी भांडण केले.

युद्धानंतर बेट काही काळ ब्रिटिश प्रशासनाखाली होते आणि ७ मार्च १९४८ रोजी औपचारिकरीत्या ग्रीसमध्ये सामील झाले. ज्या मोहल्ल्यातून माणसे नेली, तिथल्या चौकाला आज ‘ज्यू हुतात्म्यांचा चौक’ म्हणतात. मधोमध समुद्रघोड्यांचे कारंजे आहे. भोवती कॅफे आणि भेटवस्तूंची दुकाने. स्मारकाचा काळा दगड तिथेच आहे, मात्र कारंज्यासमोर फोटो काढून पुढे जाणाऱ्याला तो दिसेलच असे नाही.

एका दिवसात कसे पाहता येईल?

क्रूझ धक्क्यावरून जवळच्या दरवाजाने आत शिरल्यास पहिल्यांदा पूर्वेकडील ज्यू मोहल्ला लागतो. सुरुवात तिथूनच करणे सोयीचे. हुतात्म्यांचा चौक, काहाल शालोम आणि त्याला जोडलेले छोटे संग्रहालय पाहून हिप्पोक्रेट्स चौकात यावे. तिथून सॉक्रेटिस रस्ता, म्हणजे जुना बाजार, चढत सुलेमान मशिदीपर्यंत जातो. पुढे ग्रँड मास्टरचा राजवाडा. नाइट्सच्या रस्त्याने उतरले की पुरातत्त्व संग्रहालय. मग ‘स्वातंत्र्य दरवाजा’तून बाहेर पडले की माँड्राकी, तीन पवनचक्क्या आणि ती दोन हरणे.

वेळ उरला तर खंदकात उतरावे. तटांच्या मधून जाणारी ती वाट पायी फिरता येते आणि तटांची खरी उंची तिथूनच कळते. वाटा गोट्यांच्या असल्याने पायात चांगले बूट हवेत. दुसरा दिवस असेल तर सुमारे ५० किलोमीटरवरील लिंडोस आणि तिथला डोंगरमाथ्यावरील प्राचीन किल्ला गाठता येतो.

जाण्यापूर्वी काय माहीत हवे?

व्हिसा : ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३० हजार युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा आवश्यक. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो.

तुर्कस्तानला जोडसहल : ऱ्होड्सहून मार्मारिसला फेरी जाते. मात्र ते शेंगेनबाहेर जाणे ठरते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत ग्रीसमध्ये येता येणार नाही. बहुप्रवेश व्हिसा आहे का, हे आधी तपासावे. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा.

पोहोचायचे कसे : अथेन्सहून विमानाने साधारण तासाभरात. पिरेयस बंदरातून फेरीही आहे. पण रात्रभराचा, बऱ्याचदा त्याहून लांबचा प्रवास असतो. ऱ्होड्सचा डायगोरस विमानतळ शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवर आहे.

जादा कर : २०२५ पासून ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर दरम्यान हॉटेलच्या खोलीवर प्रतिरात्र हवामान शुल्क आहे. तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १० आणि पंचतारांकितला १५. ते बहुधा हॉटेलमध्येच भरावे लागते, ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत धरलेले नसते. क्रूझने येणाऱ्यांसाठी जुलै २०२५ पासून वेगळे शुल्क आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस येथे ऐन हंगामात माणशी २० युरो, तर ऱ्होड्ससारख्या इतर बंदरांत ५ युरो.

हंगाम : जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही कमाल. जुलै २०२३ मधील वणव्यात बेटाच्या इतर भागांतून सुमारे १९ हजार लोकांना हलवावे लागले होते. जुने शहर सुरक्षित राहिले. मे किंवा ऑक्टोबर अधिक सुखाचे.

आता तटाच्या आत कोण राहणार?

प्रत्येक राजवटीत या तटाच्या आत कोणी राहायचे हे सत्ताधाऱ्यांनी ठरवले. आता ते बाजार ठरवतो आहे. जुन्या गल्ल्यांमधील अनेक घरांची छोटी हॉटेले आणि भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. पर्यटन हाच बेटाचा मुख्य धंदा असल्याने त्याला नाही म्हणणे कोणाला परवडणारे नाही. डेलोसकडे जहाजे वळल्यावर काय होते, हे ऱ्होड्सला दोन हजार वर्षांपूर्वीच कळले आहे. पण घरात राहणारे उरले नाहीत तर गल्ली फक्त देखावा उरते, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न परका नाही. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी या सागरी किल्ल्यांसह मराठा लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सिंधुदुर्गाच्या तटात आजही काही कुटुंबांची वस्ती आहे. वारसा यादीतले नाव दगडांना संरक्षण देते. तिथल्या घरांत दिवा कोण लावणार, ते त्या नावाने ठरत नाही.

ऱ्होड्सला जाणाऱ्याने हरणांसमोर फोटो जरूर काढावा. त्याआधी पूर्वेकडच्या त्या चौकात दहा मिनिटे थांबावे. काळ्या दगडावरील मजकूर वेगवेगळ्या भाषांत कोरलेला आहे. त्यातली एक लादिनो आहे, तटाच्या आतल्या या मोहल्ल्यातील घराघरांत एकेकाळी बोलली जाणारी भाषा.